बुटक्या गाडीचा उजेड : स्पोर्ट्‌स कारच्या हेडलाइटचा फोकस कसा लावावा आणि दिवे केव्हा बदलावेत

कोल्हापुरातून संध्याकाळी गगनबावड्याच्या रस्त्याला लागल्यावर बालिंगा मागे पडेपर्यंत दुकानांच्या आणि इतर वाहनांच्या उजेडात आपल्या गाडीचे दिवे कसे आहेत हे कळतच नाही. ते कळते पुढे, कळे गावाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाल्यावर. गाळपाच्या हंगामात या रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे चाललेला असतो, त्याचा मागचा दिवा बंद असतो, रिफ्लेक्टरवर चिखल बसलेला असतो आणि उसाची टोके बाजूला हातभर बाहेर आलेली असतात. उंच गाडी चालवणाऱ्याला तो ज्या अंतरावरून दिसतो, त्यापेक्षा बऱ्याच जवळ आल्यावर तो स्पोर्ट्‌स कार चालवणाऱ्याला दिसतो. नव्याने अशी गाडी घेतलेले बहुतेक जण यावर उपाय म्हणून लगेच जास्त ताकदीचे बल्ब शोधू लागतात. मीही तेच केले होते, आणि ते चुकीच्या टोकाकडून सुरुवात करणे होते.

आधी कारण समजून घेतले पाहिजे. डिपरचा, म्हणजे जवळच्या फोकसचा, उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो किंचित खाली झुकवलेला असतो, आणि हा झुकाव टक्क्यांत मोजतात. एक टक्का म्हणजे दहा मीटर अंतरावर उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली येते. आता साधा हिशेब करून पाहा. दिव्याचा मध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असलेल्या उंच गाडीचा उजेड एक टक्का झुकावाने ९० मीटरवर जमिनीला टेकतो, तर ६० सेंटिमीटरवर दिवा असलेल्या बुटक्या गाडीचा ६० मीटरवर. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. चालकाला अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी साधारण ३५ मीटर लागतात. म्हणजे डिपरवर ताशी ८० ने जाणारी बुटकी गाडी तिच्या उजेडाच्या हद्दीत थांबतच नाही. बल्ब दुप्पट तेजस्वी केला तरी ही हद्द पुढे सरकत नाही, कारण ती उंचीने आणि झुकावाने ठरलेली असते. तेवढ्याच जागेत नुसता लखलखाट वाढतो. झुकाव मात्र एक टक्क्याऐवजी दोन टक्के झालेला असेल, तर ६० मीटरचे थेट ३० मीटर होतात. म्हणून बल्बला हात लावण्याआधी फोकस तपासायचा.

भिंत, फरशी आणि गाडी

या कामासाठी एक सपाट, फिकट रंगाची भिंत आणि तिच्यासमोर दहा मीटर मोकळी जागा लागते. घराजवळ एवढी जागा मिळाली नाही, तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळखीच्या कोणाची काँक्रीटची फरशी असलेली शेड सुट्टीच्या दिवशी मागून घ्यावी. पाच मीटरवरही काम होते, फक्त मोजमापातली चूक दुपटीने महागात पडते. दहा मीटर हे अंतर गाडीच्या नाकापासून नव्हे, तर दिव्याच्या काचेपासून धरायचे.

गाडीची चारही चाके ज्यावर उभी राहतील तेवढी जागा समपातळीत असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. गवंडी पातळी काढण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तशी बारा-पंधरा मीटरची नळी आणली की दोन कामे होतात. एक, चाकांखालची जागा तपासता येते. आणि दुसरे, दिव्याच्या मध्याची उंची थेट भिंतीवर नेता येते, त्यामुळे भिंतीजवळची फरशी दोन-तीन सेंटिमीटर वरखाली असली तरी बिघडत नाही. फरशीपासून टेपने उंची मोजून भिंतीवर तीच उंची मांडणे सोपे वाटते, पण शेडच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, आणि दहा मीटरमध्ये पाच सेंटिमीटर उतार म्हणजे फोकसमध्ये अर्ध्या टक्क्याची चूक.

गाडी नेहमी रस्त्यावर ज्या अवस्थेत असते तशी करून घ्यावी. चारही टायरमध्ये दाराच्या चौकटीवरील तक्त्यानुसार हवा भरावी, टाकी निम्मी असावी, डिकीतले जादा सामान उतरवावे आणि चालकाच्या जागी कोणाला तरी बसवावे. डॅशबोर्डवर दिवे वरखाली करण्याचे चाक असेल तर ते शून्यावर ठेवावे. नंतर गाडीचे नाक आणि शेपटी हाताने दोन-तीनदा दाबून सोडावी, म्हणजे सस्पेन्शन आपल्या मूळ जागी बसते. ज्यांना स्प्रिंग बदलून गाडी आणखी खाली आणायची आहे, त्यांनी ते काम आधी उरकावे, नाहीतर हे सगळे पुन्हा करावे लागेल. (आपल्याकडच्या गतिरोधकांची उंची पाहता तो बेत सोडून दिला तरी हरकत नाही.)

रेषा आखणे

अंधार पडण्याआधी गाडी भिंतीला जवळजवळ चिकटवून, अगदी काटकोनात उभी करावी. दिव्याच्या काचेवर बल्बच्या किंवा प्रोजेक्टरच्या (उजेड भिंगातून पाडणाऱ्या दिव्याच्या) मध्याशी बहुधा एक बारीक ठिपका किंवा वर्तुळ असते. ते भिंतीवर खडूने उतरवून घ्यावे. दोन्ही ठिपक्यांतून मास्किंग टेपची उभी पट्टी लावावी, दोन्ही ठिपके जोडणारी एक आडवी पट्टी लावावी, आणि दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर एक खूण करावी. मग चाक सरळ ठेवून गाडी दहा मीटर मागे घ्यावी, आणि नळीने दिव्याच्या मध्याची उंची ताडून पाहून गरज असेल तर आडवी पट्टी वरखाली सरकवावी. मागे घेताना गाडी तिरकी झाली का हे पाहण्यासाठी पुढच्या आणि मागच्या काचेच्या बरोबर मध्यावर टेपचा एकेक तुकडा चिकटवावा आणि डिकीमागे उभे राहून ते दोन तुकडे भिंतीवरच्या मधल्या खुणेशी एका ओळीत येतात का ते पाहावे.

आता खरी रेषा. आडव्या पट्टीच्या खाली, ठरलेल्या झुकावाइतक्या अंतरावर दुसरी आडवी पट्टी लावायची. हा झुकाव किती असावा हे अनेक गाड्यांत दिव्याच्या डोमवर (काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब धरणाऱ्या अख्ख्या संचावर) किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर दिव्याच्या चिन्हाशेजारी टक्क्यांत छापलेले असते. तिथे १.२ टक्के असेल तर दहा मीटरवर १२ सेंटिमीटर खाली रेषा येईल. आकडा सापडला नाही तर एक टक्का धरावा. ८० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीवरच्या दिव्यांसाठी युरोपीय नियमांत सुरुवातीचा झुकाव १ ते १.५ टक्क्यांच्या दरम्यान सांगितलेला आहे, त्यातले हे उजेड सर्वांत वर ठेवणारे टोक आहे.

दिवे लावल्यावर भिंतीवर जी आकृती पडते ती नीट पाहायला शिकणे म्हणजे या विषयाचा अर्धा अभ्यास. चांगल्या डिपरच्या उजेडाला वर एक स्पष्ट कड असते, तिला कट-ऑफ म्हणतात. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही कड उजव्या बाजूला आडवी असते, आणि मध्यापासून डावीकडे ती वर चढत जाते, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड न जाता रस्त्याची डावी कड, तिथला पादचारी आणि मैलाचा दगड लांबून दिसतो. कड जिथे वळते तो कोपरा दिव्याच्या उभ्या पट्टीवर आणि खालच्या आडव्या पट्टीवर एकाच वेळी आला पाहिजे. डाव्या वाहतुकीऐवजी उजव्या वाहतुकीच्या देशातून आणलेल्या गाडीत किंवा तिथून मागवलेल्या डोममध्ये ही चढण उजवीकडे असते. असा दिवा स्क्रू फिरवून कधीच सुधारत नाही, तो बहुधा बदलावाच लागतो.

स्क्रू फिरवणे

प्रत्येक डोमच्या मागे दोन स्क्रू असतात, एक उजेड वरखाली करणारा आणि दुसरा डावीउजवीकडे नेणारा. काही गाड्यांत ते बॉनेट उघडताच दिसतात, काहींत चाकाच्या कमानीतले प्लॅस्टिक बाजूला करावे लागते. पहिल्या पिढीच्या पॉर्श बॉक्स्टरमध्ये तर पुढच्या डिकीत बाजूच्या कार्पेटमागे एक रबरी बूच असते, ते काढून टूलकिटमधला पाना आत घालून फिरवला की अख्खा दिवा पुढे सरकून हातात येतो. ज्याने हे पहिल्यांदा पाहिले त्याला जादूच वाटते. म्हणून मॅन्युअल वाचल्याशिवाय हात घालू नये.

एका वेळी एकच दिवा लावायचा. दुसऱ्यावर जाड कापड टाकावे, पण ते दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण हॅलोजनच्या उष्णतेने प्लॅस्टिकची काच खराब होते. आधी उंचीचा स्क्रू, मग बाजूचा, आणि बाजूचा फिरवल्यावर उंची किंचित बदलते म्हणून पुन्हा उंचीचा. प्रत्येक वेळी पाव फेरा फिरवून भिंतीकडे पाहावे. कोणत्या दिशेने फिरवल्यावर उजेड वर जातो हे गाडीगणिक वेगळे असते. शेवटची हालचाल नेहमी उजेड वर आणण्याच्या दिशेने संपवावी, म्हणजे स्क्रूच्या दात्यांमधली ढिलाई निघून जाते आणि खड्ड्यांतून जाताना फोकस आपोआप खाली सरकत नाही. जुन्या गाडीत हे प्लॅस्टिकचे दाते कडक झालेले असतात. जोर लावला तर कट असा आवाज येतो, आणि मग संपूर्ण डोम बदलण्याची पाळी येते. स्क्रू हलत नसेल तर त्यावर सिलिकॉन स्प्रे मारून दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा.

अप्परसाठी वेगळे काही करावे लागतेच असे नाही. एच४ बल्बमध्ये (ज्यात डिपर आणि अप्पर अशा दोन्ही तारा असतात) आणि एकाच प्रोजेक्टरमधून दोन्ही उजेड देणाऱ्या दिव्यांत डिपर बरोबर लागला की अप्परही बरोबर लागतो. अप्परचा दिवा स्वतंत्र असेल, तर त्याच्या उजेडाचा सर्वांत प्रखर भाग भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीवर, किंवा त्याहून किंचित खाली यावा.

झेनॉन आणि बऱ्याच एलईडी दिव्यांच्या गाड्यांत ॲक्सलजवळ एक लहान दांडी असलेला सेन्सर असतो, तो गाडीचा झुकाव पाहून दिवे आपोआप वरखाली करतो. अशा गाडीचा फोकस अचानक पायाजवळ आला असेल तर आधी ती दांडी तुटली किंवा निखळली आहे का ते पाहावे. या गाड्यांत स्क्रूआधी स्कॅनर (गाडीच्या संगणकाशी बोलणारे उपकरण) जोडून मूळ स्थिती निश्चित करावी लागते, आणि समोरचे वाहन टिपून उजेडाचा तेवढाच भाग बंद करणारे दिवे असतील तर घरी काही करू नये.

काम झाल्यावर कायद्याच्या दृष्टीनेही एक तपासणी करून घेता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला डिपरने दिपून जाता कामा नये. मित्राला तिथे उभे करावे, त्याने तोंड वाकडे केले नाही म्हणजे झाले.

पिवळी पडलेली काच आणि कमी पडणारे व्होल्ट

फोकस बरोबर असूनही उजेड कमी वाटला, तर बल्ब घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे काच. आजकालची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक असते, आणि तिच्यावरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ती पिवळी आणि धुरकट होते; उजेड अडतोच, शिवाय तो विखुरतो आणि कट-ऑफची कड पुसट होते. आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावून, भरपूर पाणी सोडत आधी १००० नंबरच्या, मग २००० आणि शेवटी ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने काच घासावी, कंपाउंडने चमकवावी आणि त्यावर अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारावा. शेवटची पायरी गाळली तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टचा जो उपाय सगळे सांगतात, त्याची गत हीच आहे.

दुसरी गोष्ट वायरिंग. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टच्या मानाने फार वेगाने पडतो : बल्बपाशी व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी पोहोचले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना मल्टिमीटरने बॅटरीवर आणि मग बल्बच्या कपलरवर मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी अर्थिंगची गंजलेली टोके साफ करावीत. जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीत बॅटरीपासून थेट फ्यूज आणि रिले घालून वीज नेता येते. ५५ वॅटचा एक बल्ब साडेचार ॲम्पिअरच्या आसपास घेतो हे धरून वायरीची जाडी निवडावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवावा. नव्या गाड्यांत मात्र दिव्यांची वीज कंट्रोल मॉड्यूल ठरवते, तिथे अशी वायर कापली तर नको तो खर्च उभा राहतो.

आता बल्ब

माझी स्वतःची चूक इथे सांगतो. फोकस न तपासता मी शहरातल्या एका दुकानातून मूळ हॅलोजनच्या रिफ्लेक्टर डोममध्ये एलईडी बल्ब बसवून घेतले. दुकानाबाहेर उजेड पांढराशुभ्र पडला आणि मी खूश झालो. त्या रात्री कुडित्र्याच्या पुढे समोरून येणारे प्रत्येक वाहन मला अप्पर मारत होते, आणि वाटेत सुरू झालेल्या पावसात तर काळ्या ओल्या डांबरावर साइडपट्टी कुठे संपते तेच कळेना. घरी येऊन भिंतीसमोर गाडी लावली तेव्हा खुलासा झाला : कट-ऑफची कड कुठेच नव्हती, भांड्यातून दूध सांडावे तसा उजेड भिंतभर पसरला होता.

त्याचे कारण असे की रिफ्लेक्टरची प्रत्येक लहान पट्टी बल्बमधल्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेली असते. एलईडीची चिप त्या तारेपेक्षा रुंद असेल किंवा एखादा मिलिमीटर पुढेमागे असेल, तर उजेड जिथे जायला हवा तिथे जात नाही. वॅट आणि लुमेनचे आकडे खोक्यावर कितीही मोठे असले, तरी भिंतीवरची कड बिघडली तर तो बल्ब कामाचा नाही. हीच गत हॅलोजनच्या डोममध्ये घुसवलेल्या झेनॉन किटची, आणि त्यात चोकमधून दिवा पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर दाब निर्माण होतो हा वेगळा धोका. १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब एकेकाळी सर्रास बसवले जात. त्यांनी होल्डर वितळतात आणि रिफ्लेक्टरची चांदी करपते. निळसर काचेचे बल्ब तर पैसे देऊन उजेड कमी करून घेण्याचा प्रकार आहे.

म्हणून सर्वांत सोपी आणि फायद्याची सुधारणा म्हणजे त्याच वॅटचे, नामांकित कंपनीचे, ई चिन्ह (युरोपीय नियमांनुसार मान्यतेची खूण) असलेले चांगले हॅलोजन बल्ब, आणि तेही जोडीने. बसवताना काचेच्या नळीला बोट लावू नये. त्वचेचे तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसून घ्यावे. बल्बचे कान खाचेत नीट बसले आहेत का हे हाताने चाचपून पाहावे, कारण तिरका बसलेला बल्ब हे बिघडलेल्या फोकसचे एक नेहमीचे कारण आहे.

याहून पुढे जायचे असेल तर बल्ब नव्हे, संपूर्ण डोम बदलावा. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीने झेनॉन किंवा एलईडी डोम दिलेला असेल, तर तो, त्याचे कंट्रोल युनिट आणि सेन्सर यांसह घेऊन स्कॅनरने कोडिंग करून घेणे हा महाग पण स्वच्छ मार्ग आहे. जुन्या डोममध्ये प्रोजेक्टर बसवून देणारे कारागीरही मिळतात. ते डोम भट्टीत तापवून सीलंट मऊ करतात, काच काढतात आणि आत प्रोजेक्टर बसवतात. काम उत्तम होऊ शकते, पण देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : प्रोजेक्टर डाव्या वाहतुकीसाठीचा आहे का, सीलंट पूर्ण नवे भरणार का, आणि फोकस भिंतीवर दाखवून देणार का. तिसऱ्या प्रश्नावर जो हसतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ हेही ध्यानात ठेवावे. कंपनीने प्रमाणित केलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे विमा आणि वॉरंटी यांबाबत आधी लेखी विचारणा करणे शहाणपणाचे.

डोम उघडला असो वा नसो, पावसाळ्याच्या सुरुवातीला काचेच्या आत येणाऱ्या वाफेने घाबरू नये. दिवा लावल्यावर अर्ध्या तासात ती जात असेल तर ठीक. तळाशी पाणी साचत असेल, तर मागचे रबरी झाकण आणि हवेची भोके पाहावीत.

टायर किंवा स्प्रिंग बदलल्यावर, पुढून धक्का लागल्यावर आणि पावसाळ्यातले खड्डे संपल्यावर फोकस पुन्हा तपासावा. त्यासाठी दर वेळी नळी घेऊन बसायला नको, म्हणून मी भिंतीवरच्या दोन्ही रेषा आणि फरशीवर चार चाकांच्या जागा ऑइलपेंटने रंगवून ठेवल्या आहेत, आणि दिव्याच्या मध्याची उंची व झुकावाचा आकडा तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला एका चिठ्ठीवर चिकटवला आहे. आता दोन्ही दिवे तपासायला वीस मिनिटे पुरतात.